कातरणीच्या दिवशी

माझी मुलगी दीड वर्षाची होऊन गेली तरी चालत नव्हती. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवची गोष्ट असेल. बसायची, बोलायची, हाताला लागेल ते ओढून खाली पाडायची. पण उभं करायला गेलं की पाय पोटाशी घ्यायची. सरकायची मात्र बघत राहावं अशी. बारामतीतल्या आमच्या दोन भाड्याच्या खोल्यांना शहाबादी फरशी होती. त्या फरशीवर एक पाय दुमडून, एक हात टेकून ती ढुंगणावर अशी सुटायची, की तिला पकडायला बायकोला पळावं लागायचं. तिच्या सगळ्या चड्ड्या मागून विरल्या होत्या.

शेजारच्या बिऱ्हाडात तिच्याहून धाकटा मुलगा होता. तो उंबरा ओलांडून आमच्याकडे चालत यायचा. त्याची आई मनानं वाईट नव्हती, पण "राणीसाहेब अजून बसूनच का?" असं येता-जाता विचारायची. बायको हसून वेळ मारून न्यायची आणि मग पोरीच्या पायांना तेल जास्तच जोरात चोळायची. तो मुलगा अडखळून पडला, की मला क्षणभर बरं वाटायचं. वर्गातल्या मुलांना चांगुलपणाचे धडे देणारा मास्तर मी, आणि दुसऱ्याचं लेकरू पडल्यावर बरं वाटून घेत होतो.

उपाय सगळे झाले. खारकेची पूड दुधातून दिली. सुताराकडून पांगुळगाडा करून आणला. तिनं तो पहिल्याच दिवशी उलटा केला आणि बसल्या बसल्या त्याची चाकं फिरवत राहिली. मुलांच्या डॉक्टरांनी कंबर, गुडघे, घोटे हलवून पाहिले. पायात दोष दिसत नाही, काही मुलं अशी सरकतात आणि उशिरा चालतात, असं ते म्हणाले. पण दिवाळीपर्यंत उभी राहिली नाही तर पुण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवू, वेळ मी घेऊन ठेवतो, असंही म्हणाले. त्यांच्या बोलण्यातलं फक्त शेवटचं वाक्य आम्ही घरी घेऊन आलो.

माझ्या मनात आणखी एक गोष्ट होती, ती मी डॉक्टरांना सांगू शकत नव्हतो. आमचं घर इंदापूर तालुक्यातल्या कळसचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखणारं. शिकून नोकरीला लागलेला मी पहिलाच. माझ्या वाटणीच्या मेंढ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या कळपात सोडून मी बारामती गाठली. आईनं कधी दोष दिला नाही. एकदाच सहज बोलून गेली, की आपल्यात पोरं कळपामागं धावतच मोठी होतात. तेवढं मला पुरलं. वर्षाचे आठ महिने चालणाऱ्या माणसांच्या घरात जन्मून मी खुर्ची धरली, ते माझ्या लेकीच्या पायांत उतरलं, असं मला खरोखर वाटू लागलं. शाळेत मी विज्ञान शिकवायचो.

दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही कळसला गेलो. दसऱ्यानंतर मेंढरं कोकणाच्या वाटेला लागतात, त्याआधी लोकर कातरून घ्यायची असते. कातरणीला सगळे भाऊबंद एकमेकांकडे जातात, कुणी मजुरी घेत नाही. त्या दिवशी घरात रिकामा हात सापडत नाही. एकानं मेंढी आडवी पाडून पाय धरायचे, दुसऱ्यानं कातर चालवायची. आमच्यात पाय बांधत नाहीत. बांधलं की मेंढी भेदरते, असं दादा म्हणायचा. शिकलेल्या माणसाच्या हातात कातर कोण देणार? मला पाय धरायला बसवलं.

"मास्तर, खडू न्हाय त्यो, घट्ट धरा," माझ्याच वयाचा चुलतभाऊ म्हणाला आणि सगळे हसले.

बाजरी काढलेल्या रानात काम चाललं होतं. बायको आईबरोबर बांधावर तीन दगडांच्या चुलीवर सगळ्यांच्या भाकरी थापत होती. सकाळपासून मुलगी या काखेतून त्या काखेत फिरत होती. शेवटी तेही हात संपले. भावजयीनं तिला माझ्यापासून थोड्या अंतरावर रानात बसवलं आणि लोकर गोळा करायला गेली.

मुलगी सवयीप्रमाणे सरकायला गेली. बाजरीची धसकटं टोचली. तिनं चमकून खाली पाहिलं, दुसऱ्या बाजूनं सरकून बघितलं. तिथंही धसकटं. मग तिनं माझ्याकडे बघून भोकाड पसरलं. माझे हात आपोआप सैल झाले.

"पाय सोडू नगंस," दादा मान वर न करता म्हणाला. "कातर पोटाला हाय."

मेंढीचं पोट थरथरत होतं. कातडीच्या घड्यांतून दादाची कातर फिरत होती. पाय सुटला असता तर रक्त निघालं असतं. मी धरून राहिलो. बांधावर बायको हातातली भाकरी तशीच घेऊन उभी राहिली होती. आईनं तिला काहीतरी सांगून थांबवलं की तिचेच पाय हलेनात, कोण जाणे.

कातरायची राहिलेली एक थोराड मेंढी मुलीशेजारी उभी होती. रडता रडता मुलीनं तिच्या लोकरीत दोन्ही मुठी रोवल्या आणि उठली. उठली म्हणजे सरळ उभी राहिली, कुणी न धरता. मेंढी दोन पावलं पुढं गेली, तशी तीही गेली. मग मेंढी कंटाळून कळपाकडे वळली, मुलीच्या मुठी सुटल्या, आणि मला वाटलं, आता ही पडणार.

ती पडली नाही. धसकटं चुकवत, पाय गुडघ्यापासून उंच उचलत, दोन्ही हात पसरून ती माझ्याकडे यायला लागली. रडणं कधी थांबलं होतं ते तिलाही कळलं नसावं. कातरांचे आवाज बंद झाले. ती आली आणि मी धरलेल्या मेंढीवर धपकन हात ठेवून उभी राहिली. मला तिला उचलताही येईना; माझे हात अजून मेंढीच्या पायांवर होते आणि डोळ्यांतलं पाणी गालावरून ओघळत होतं.

दादानं कातर बाजूला घेतली. "सोड आता," तो म्हणाला. "घे तुझ्या पोरीला."

पण पोरगी आता घेऊ देईल तर ना. कडेवर घेतलं की ताठ व्हायची, खाली सोडलं की परत धसकटांत. दिवसभर ती कळपातून हिंडली, भाऊबंदांच्या टोप्या काढत राहिली. आईनं तिच्या पायांवर भंडारा लावला तोही उभ्यानंच लावून घेतला. मला आई म्हणाली, "आरं, पायाला न्हवतं काय झालेलं. तुझ्याच जिवाला घोर लागला व्हता." बायको मेंढरांआड तोंड करून रडत होती आणि हसतही होती.

सुट्टी संपल्यावर आम्ही डॉक्टरांकडे गेलो. दवाखाना भरलेला होता. आमची पाळी आली तेव्हा मुलगी आमच्या पुढं चालत आत गेली. डॉक्टरांना टेबलापलीकडून फक्त आम्ही दोघं दिसलो.

"पेशंट कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

तोवर ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीपर्यंत पोहोचली होती आणि त्यांच्या गळ्यातली नळी ओढायला लागली होती. डॉक्टर मोठ्यानं हसले. पुण्याची वेळ रद्द करतो म्हणाले. बायकोनं काळजीनं विचारलं, की पायांना तेल चालू ठेवायचं का.

"ठेवा की," ते नळी सोडवून घेत म्हणाले, "हातात सापडली तर."