रेवारामजींची पांढरी वगार

सौंदडच्या रेवाराम बिसेनांना दोन गोष्टींचा अभिमान होता, आपल्या शब्दाचा आणि आपल्या हेल्याचा. शब्द अधूनमधून फिरायचा, हेला मात्र पक्का काळा रेडा. स्टेशनजवळच्या चहाटपरीवर कोणी म्हशींचा विषय काढायचा अवकाश, की रेवारामजी सुरू. आपल्या कोठ्यात बाहेरचा रेडा कधी शिरला नाही, आजोबांच्या एका म्हशीचाच हा सारा विस्तार, असं ते ठासून सांगत. मग हेला आणि म्हशी एकमेकांचे कोण लागतात, असं एखाद्यानं विचारलं की ते तंबाखू मळायला लागत.

त्याच कोठ्यात पोळ्याच्या सुमारास चंद्री म्हैस व्याली आणि वगार निघाली पांढरी. करडी नाही, भुरी नाही, सायीसारखी पांढरी. डोळे मात्र काळेभोर. त्यांच्या बायकोनं, मुन्नीबाईनं, तिला हळदकुंकू लावलं.

टपरीवर कोणी हसलं नाही. सगळे फार काळजीनं विचारू लागले, हेला तोच होता ना जी? ही काळजी रेवारामजींना सोसवेना. गुन्हेगार शोधणं भाग होतं, आणि शेजारच्या श्यामलालचा हेला जरा भुरकट होता. त्यांनी श्यामलालचं अंगण गाठलं आणि तुझ्या हेल्यानं माझ्या कोठ्यात उडी मारली, असा आरोप ठेवला.

श्यामलाल विळ्याला धार लावत होता. त्यानं मान वर न करता सांगितलं, "माहा हेला म्हातारा झाला गा. त्याले बसल्यावर उठवाले दोन माणसं लागतेत. तो कायची उडी मारते?"

बोलणं बंद झालं. श्यामलालचं घर टाळण्यासाठी रेवारामजी लांबच्या धुऱ्यावरून धानाच्या बांदीत जाऊ लागले आणि रोज चिखलात पाय रुतवून घेऊ लागले.

दिवाळीला मुलगा खुमेंद्र आणि सून रुचि गोंदियाहून आली. रुचि तिकडं कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवते. जेवताना सासूकडून तिला सगळं कळलं. तिनं मोबाइलवर एक फोटो शोधून सासऱ्यापुढं धरला. आफ्रिकेतला सिंह, शेजारी सिंहीण, दोघंही पिवळसर, आणि मधे एक छावा पांढराधोप.

रेवारामजींनी चष्मा लावला. दुसरा सिंह कुठं आहे, असं त्यांनी विचारलं.

"दुसरा कोणीच नाही, मामाजी. हेच दोघं मायबाप."

मग तिनं समजावलं. प्रत्येक पिल्लाला रंगाचा एक वाटा आईकडून मिळतो, एक बापाकडून. पांढरेपणाचा एकच वाटा आला तर तो पिवळ्याआड लपून राहतो, पिढ्यान्‌पिढ्या दिसत नाही. दोघांकडूनही तोच आला, की छावा पांढरा. तो रोगी नसतो आणि त्याच्या डोळ्यांना रंग असतो. म्हशीचं नेमकं तसंच आहे का, हे तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण एकाच घरातली जनावरं एकमेकांना लावत गेलं, की असं लपलेलं वर यायला फार वेळ लागत नाही.

रेवारामजींनी फोटोतल्या बापावर बोट ठेवलं. "आन् हा काही बोलला नाही?"

"कोणाला बोलणार? अर्धा वाटा त्याचाच."

मुन्नीबाई चुलीजवळून म्हणाली, "म्हंजे खोट घरचीच होती."

"खोट नाही, आई. रंग आहे," रुचि म्हणाली. रेवारामजींना सून त्या दिवशी पहिल्यांदा फार गुणाची वाटली.

सकाळी ते जवळच्या वाटेनं श्यामलालकडं गेले. माफी मागण्याची सवय नसल्यानं त्यांनी धानाची चौकशी केली, मग थंडीची, मग म्हाताऱ्या हेल्याच्या गुडघ्यांची. गुडघ्यांपर्यंत आल्यावर श्यामलालनं चहा सांगितला. चहा पिता पिता रेवारामजी म्हणाले, "पुढच्या खेपेले चंद्रीले सरकारी दवाखान्यात नेऊन राहिलो. बाहेरचं बीज लावतो. तू चालशील का संगं?"

"चालतो ना," श्यामलाल म्हणाला.

आता शाळेतली पोरं वगार बघायला येतात. रेवारामजी त्यांना सिंहाची गोष्ट सांगतात. त्यात दोन वाटे बरोबर असतात, बाकी सिंह दरवेळी थोडा मोठा होतो. उन्हानं वगारीची कातडी लाल होते म्हणून त्यांनी कोठ्यापुढं मांडव घातला आहे. परवा ती गावच्या बोडीच्या पाण्यात शिरली आणि चिखल माखून अगदी काळी होऊन बाहेर आली. रेवारामजींनी तिला क्षणभर निरखलं, मग धोतर खोचलं आणि बादलीभर पाणी घेऊन तिला घासायला बसले.