भिंगरीसर आणि लॅपटॉपवरची शाल

भिंगरीसरांना खुर्चीत बसलेलं मी एकदाच पाहिलं, तेही त्यांच्या निरोपसमारंभात. जूचंद्रच्या आमच्या शाळेत ते भूगोल शिकवायचे, म्हणजे वर्गभर चालायचे. नाव अर्थातच पोरांनी ठेवलेलं. "मास्तर बसला की नकाशाही झोपतो," असं ते मला स्टाफरूममध्ये उभ्याउभ्याच ऐकवायचे.

पोर्तुगालमधल्या समुद्राकाठच्या एका शाळेशी व्हिडिओ कॉलवर तास घ्यायचा, हे त्यांचंच खूळ. सुरुवात केली सहावीतल्या सुवर्णाने. तिचे वडील मिठागरावर कामाला. "सर, त्यांचं पानी पन खारंच हाय का? ते पन मीठ काढतान का?"

"मला काय विचारतेस? त्यांनाच विचार. इंग्रजी मी करतो."

शाळा सापडून वेळ जुळायला दोन महिने गेले. सुवर्णा रोज विचारायची, "सर, आज हाय का?" आणि सरांची चाल रोज वाढायची.

कॉल चाळीस मिनिटांचा ठरला. पण बातमी संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत पोचली आणि तासाचा सोहळा झाला. दीपप्रज्वलन झालं, ईशस्तवन झालं, प्रास्ताविकात जग दोनदा जवळ आलं. पडद्यावर तिकडची मुलं जांभया देत होती. सर मागच्या भिंतीशी येरझाऱ्या घालत होते. सुवर्णा मुठीत मीठ धरून बसली होती. मग अध्यक्ष तिकडच्या बाईंचा सत्कार करायला उठले. नारळ टेबलावर ठेवला आणि शाल लॅपटॉपला पांघरली. टाळ्या झाल्या. शालीखालून "हॅलो? हॅलो?" येत राहिलं.

सर तीन ढांगांत पुढे आले, शाल ओढून अध्यक्षांच्या हातात दिली. "साहेब, पोरांची पाच मिनिटं उरलीत. तुम्ही बसा."

अध्यक्षांना 'बसा' सगळेच म्हणत. या सुरात कोणी म्हटलं नव्हतं.

सुवर्णाने मूठ कॅमेऱ्यापुढे उघडली. मीठ घामाने ओलं झालं होतं. तिने विचारलं, सरांनी इंग्रजी केलं, तिकडच्या बाईंनी पोर्तुगीज. तिकडे एकच गलका उडाला. बाईंनी लॅपटॉप उचलून खिडकीकडे वळवला. बाहेर मिठाचे पांढरे ढीग.

"आयला, आपल्यासारकंच!" सुवर्णा ओरडली. तेवढ्यात तिकडची घंटा झाली.

जूनमध्ये सरांची बदली संस्थेच्या चंदनसारच्या शाळेत झाली. निरोपाला अध्यक्ष स्वतः आले. सरांच्या खांद्यावर शाल घालून गोड हसले. "आता तुम्ही बसा."

सर बसले. टेबलाखाली पाय मात्र चालतच होते.

हल्ली असे कॉल मी लावतो. पाहुण्यांच्या खुर्च्या कॅमेऱ्याच्या मागे मांडतो. पहिला प्रश्न पोरांचा. तोवर मला स्वतःला बसवत नाही.