पाचव्या अंकाची वाट

नागसेनला आमच्या कॉलेजात नावानं हाक मारणारी मी एकटीच. बाकी शिपायापासून लायब्ररीतल्या बाईपर्यंत सगळे त्याला ‘ट्रॅजेडीवाले सर’ म्हणत. इंग्रजी साहित्य घेणारी पोरं-पोरी जेमतेम वीस-बावीस, त्यांतली निम्मी बुटीबोरीच्या कारखान्यांत पाळी करून थेट वर्गात येणारी. त्यांना हा माणूस चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजी नाटकांतल्या राजांच्या शोकांतिका शिकवायचा, आणि एकही पोरगं झोपत नसे. मी मराठी शिकवते, म्हणजे पोरांच्या मायबोलीत बोलते, तरी माझ्या तासाला निम्मा वर्ग पेंगायचा. हेव्यानं मी एकदा त्याच्या वर्गाबाहेर उभी राहून ऐकलं.

‘‘राजा मूर्ख नसते गा,’’ तो सांगत होता. ‘‘राजाले खरं सांगणारं कोणी उरत नाही. तिथून नाटक सुरू होते. अन् राजा काय बोलून राहिला ते नका पाहू. कोणता शब्द घडीघडी त्याच्या तोंडी येऊन राहिला, ते मोजा. कोणाच्या तोंडी रक्त येते, कोणाच्या तोंडी अंधार, कोणाच्या तोंडी दुखणं. माणूस खोटं बोलू शकते, पण त्याचा नेहमीचा शब्द त्याले उघडा पाडते.’’

मेघा नावाची एक धीट पोरगी उठली. ‘‘सर, मंग आपल्या बापूजींचा शब्द कोणता?’’

वर्ग हसला. बापूजी म्हणजे रुपरावजी, आमच्या संस्थेचे अध्यक्ष. नागसेननं पुस्तकाचं पान उलटलं, पण स्टाफरूममध्ये मी छेडलं तेव्हा म्हणाला, ‘‘घर. मी मोजलं मॅडम. पंधरा ऑगस्टच्या भाषणात अकरा वेळा. हे कॉलेज नाही, हे घर आहे. तुम्ही नोकर नाही, घरचे आहात.’’

‘‘खरंच आहे,’’ मी म्हणाले, ‘‘घरच्या माणसाला नेमणुकीचं पत्र कोण देतं?’’

तो हसला. हसण्यासारखं काही नव्हतं. सतरा वर्षं तो तासिका तत्त्वावर शिकवत होता. ज्यांना हे प्रकरण ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते: जूनमध्ये ऑर्डर, मार्चमध्ये राम राम, जेवढे तास तेवढे पैसे, आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून उमेदवारी. एम.ए., सेट, त्यावर या शोकांतिकांवरच पीएच.डी. एवढं शिकून घर चालायचं ते प्रेमिलाच्या पगारावर. ती रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात नर्स. वडील लहानूजी गिरणीतून निवृत्त झालेले. छप्पन साली सहा वर्षांचे असताना बापाच्या खांद्यावर बसून दीक्षेला गेलेले. ‘माहा पोरगा प्रोफेसर हाय’ हे ते पानठेल्यावरसुद्धा सांगत. पोरगा अजून पक्का नाही, हे मात्र गिळून टाकत.

नागसेनचा स्वभाव चिडण्याचा नव्हता आणि त्याचा मला राग यायचा. बाकीचे तासिकावाले बापूजींच्या नावानं बोटं मोडत. हा म्हणायचा, ‘‘चौथ्या अंकापर्यंत राजाले काही कळत नाही, मॅडम. पाचव्यात कळते. उशिरा कळते, पण कळतेच.’’ वीस वर्षं एकाच जातीची नाटकं वाचली की माणसाला वाटायला लागतं, जगही त्याच साच्यात चालतं. पुस्तकातला राजा निदान पाचव्या अंकात मान खाली घालतो. आमच्या संस्थेत अंकच दोन होते, आणि दोन्ही बापूजींचे.

त्याच्या सतराव्या वर्षी इंग्रजीची एक पूर्णवेळ जागा भरायला परवानगी आली. जागा एकच, खुली. नागसेन सत्तेचाळीसचा. पुढची जागा निघेपर्यंत तो साठीला टेकला असता. त्याला ही मिळाली नाही तर पुन्हा काही नाही, हे कॉलेजातल्या माळ्यालाही कळत होतं.

त्याच हिवाळ्यात संस्थेचा रौप्यमहोत्सव आला. बापूजी मूळचे उमरेडकडचे, तरुणपणी दंडारीच्या लोकनाट्यात काम केलेले. तोंडाला रंग लावायची हौस म्हातारपणीही गेलेली नव्हती. त्यांनी नागसेनला बोलावून घेतलं. ‘‘सर, तुमच्या त्या इंग्रजी नाटकांसारखं एखादं मराठीत लिहा. राजा मी होतो. फक्त राजा मेला नाही पाहिजे. रौप्यमहोत्सवात अपशकुन नको. अन् इमानदार माणसाचं काम तुम्हीच करा. तुम्हाले शोभते.’’

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं नागसेनला झालं. दहा दिवसांत त्यानं चाळीस मिनिटांचं नाटक लिहिलं. गोष्ट साधी: राजा खुशमस्कऱ्यांचं ऐकून आपल्या इमानी कारभाऱ्याला हाकलतो, राज्य बुडायला येतं, आणि शेवटी आपली चूक उमगून तो भर दरबारात कारभाऱ्यापुढे गुडघे टेकतो.

‘‘राजा मरत नाही, मग ही शोकांतिका कसली?’’ मी विचारलं.

‘‘नाही मेला तं चालन, मॅडम. त्याले कळलं पाहिजे. तेवढं माह्या हातात आहे, तेवढं मी लिहिलं.’’

नाटकाच्या तीन दिवस आधी बापूजींचा ड्रायव्हर दुर्गेश माझ्या केबिनमध्ये एक पाकीट ठेवून गेला. मी तेव्हा प्रभारी प्राचार्य होते. पाकिटात पुढच्या आठवड्यात व्हायच्या मुलाखतीचा गुणतक्ता होता, टाइप करून तयार. पाच उमेदवार. पहिली मयुरी, बापूजींच्या मेहुण्याची सून. नागसेन तिसरा. खाली माझ्या सहीची जागा कोरी.

मी तो कागद ड्रॉवरमध्ये ठेवला आणि कुलूप लावलं. मला निवृत्तीला पाच महिने होते. पेन्शनची कागदपत्रं संस्थेच्या सहीनं जायची होती. दोन कॉलेजांत मिळून पस्तीस वर्षं पोरांना संतांची निर्भीड वाणी शिकवणारी बाई एका पाकिटाला घाबरली. याला दुसरा चांगला शब्द असेल तर मला तो माहीत नाही, आणि मी तर मराठीची आहे.

नाटक सदर भागातल्या एका हॉलमध्ये झालं. खोटं कशाला बोलू, बापूजींनी काम उत्तम केलं. शेवटच्या प्रवेशात त्यांनी डोक्यावरचा पुठ्ठ्याचा मुकुट काढून खाली ठेवला. सत्तरी ओलांडलेला तो जाडजूड माणूस कष्टानं गुडघ्यांवर बसला आणि नागसेनचा हात आपल्या कपाळाला लावून ढसाढसा रडला. तिसऱ्या रांगेत लहानूजी उठून उभे राहिले. ज्यांच्या बापाला पाटलाच्या ओसरीवर पाय ठेवता येत नव्हता, त्यांच्या मुलाच्या पायाशी संस्थेचा मालक बसला होता. ते हात जोडून तसेच उभे, गालांवरून पाणी वाहतंय. मग सगळेच रडायला लागले. पहिल्या रांगेत बसलेली मीही पदर तोंडाला लावून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुशील कॉलेजात आला. तोही तासिकेवरचा, कॉमर्सचा, नागसेनचा जुना दोस्त. त्यानं आणि आणखी दोघांनी वकील गाठला होता. इतकी वर्षं राबवून घेतलेल्यांना डावलून जागा भरू नयेत म्हणून मुलाखतींच्या आधीच कोर्टात जायचं होतं. चौथी सही नागसेनची हवी होती. त्याच दिवशी, कारण उद्या अर्ज दाखल व्हायचा होता.

नागसेन माझ्या केबिनमध्ये आला. हातात कोर्टाच्या अर्जाचा कागद.

‘‘मॅडम, सही करू का? तुम्ही सांगान तसं करतो.’’

ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागून होता. मी म्हटलं, ‘‘तुमचं तुम्ही ठरवा, नागसेन. मी काय सांगणार?’’

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग मान हलवून बाहेर गेला. व्हरांड्यात सुशील थांबला होता, त्यांचं बोलणं मला आत ऐकू येत होतं.

‘‘नाही करत गा मी सही. राजाले कळलं आता.’’

‘‘तू येडा झाला का बे? ते नाटक होतं! तूच लिहिलं होतं!’’

‘‘आता कोर्टात गेलो तं कालचं सारं पाण्यात जाईन, सुशील. आठ दिवस थांब.’’

सुशील त्याला एक सणसणीत शिवी देऊन निघून गेला.

मुलाखत सात मिनिटं चालली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी दोन प्रश्न विचारले, नागसेननं सुंदर उत्तरं दिली. बापूजी मध्येच म्हणाले, ‘‘काय सर, पुढचं नाटक कवा?’’ सगळे हसले, नागसेनही हसला. तो गेल्यावर मी ड्रॉवरमधला कागद काढला आणि सही केली. पेन चालत नव्हतं, तर बापूजींनी आपलं दिलं.

बापूजींना मी नंतर पुष्कळ शिव्या घातल्या, मनातल्या मनात, जिथं मला धाडस असतं तिथं. पण ते पाताळयंत्री नव्हते, हे सांगायला हवं. त्यांना खरंच वाटत होतं की आपण नागसेनचं भलं केलं. लग्नाकार्यात ते कौतुकानं सांगत, ‘‘मी त्या पोराच्या पाया पडलो, एवढ्या लोकांसमोर!’’ जे काही देणं होतं ते स्टेजवर देऊन ते मोकळे झाले होते. रडून त्यांचं मन हलकं झालं, आणि हलक्या मनानं त्यांनी मयुरीला नेमलं.

पूर्णवेळ जागा भरली म्हणून जूनमध्ये नागसेनला तासही उरले नाहीत. सव्वा वर्षानं कोर्टाचा निकाल लागला. सुशील आणि त्याचे दोन साथीदार, तिघांनाही जागा मिळाल्या. नागसेन कोर्टात गेलाच नव्हता, त्यामुळे त्याचा प्रश्नच आला नाही. तो आता बुटीबोरीत सुताच्या कारखान्यात आहे. बिहार-ओडिशातून नव्यानं येणाऱ्या कामगारांना तो हिंदीत शिकवतो, की मशीन चालू असताना हात आत घालायचा नाही. लहानूजी अजून पानठेल्यावर सांगतात, बापूजी माह्या पोराच्या पाया पडले. ते खोटं नाही, म्हणून कोणी काही बोलत नाही.

माझी पेन्शन सुरू झाली. मग मला हिंमत आली. पेन्शनरांना येते तशी. मी एका कागदावर सगळं लिहून काढलं: गुणतक्ता मुलाखतीच्या आधी तयार होता, त्यावर मी सही केली. खाली नाव, पत्ता, सही. एका रविवारी तो घेऊन बुटीबोरीला नागसेनच्या खोलीवर गेले. प्रेमिलाची सुट्टी होती, तिनं चहा टाकला. नागसेननं कागद उत्तरपत्रिका तपासावी तसा नीट वाचला.

‘‘याच्यावर तक्ता कवा आला ते नाही लिहिलं, मॅडम.’’

‘‘नाटकाच्या तीन दिवस आधी.’’

नागसेननं कागद मांडीवर ठेवला.

‘‘म्हणजे मी सही करू का म्हणून इचाराले आलो, तवा तो तुमच्यापाशी होता.’’

‘‘हो.’’

मला वाटलं आता तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

‘‘बापूजीच्या रडण्यावर मी नव्हतो भुललो, मॅडम,’’ तो सावकाश म्हणाला. ‘‘कुठं रडाचं ते मीच लिहून देलं होतं. सुशीलले मी राजाचं सांगतलं, पण मी राजाकडं पाहूनच नव्हतो राहिलो. मी स्टेजवरून तुमच्याकडं पाहून राहिलो होतो. तुम्ही प्राचार्य, तुम्हाले आतलं सारं माहीत. तुम्ही रडून राहिल्या होत्या. मी म्हटलं, मॅडम रडून राहिल्या, म्हणजे आपलं काम झालं. त्याईले खुशी झाली म्हणून रडून राहिल्या.’’

मी लाजेनं रडत होते. तसं मी त्याला सांगितलं. सांगताना माझा आवाज कापरा झाला नाही, डोळ्यांत पाणीही आलं नाही.

प्रेमिला चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं एक कप माझ्या हातात दिला, आणि दुसरा कप घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसली.

नागसेननं कागदाची घडी केली आणि मला परत दिली. ‘‘मयुरीले नोकरीले लागून आता दोन वर्षं झाले, लेकरू झालं तिले. पोरं सांगतात, शिकवते चांगली. आता तिले काढून मी बसू का?’’

मी कागद पर्समध्ये ठेवला. चहा गार झाला होता, तो तसाच पिऊन टाकला. तो मला रस्त्यापर्यंत सोडायला आला, हात करून ऑटो थांबवला, आणि ड्रायव्हरला नीट समजावून सांगितलं की मॅडम म्हाताऱ्या आहेत, त्यांना थेट बस लागते तिथं सोडायचं.