बसायला शिकलेला वस्ताद

महिपती वस्तादाच्या अंगात एवढी ताकद, की पेठेत कुणाचा बैल उधळला तरी त्याला बोलवायचे आणि कुणाचं डोकं फिरलं तरी त्यालाच. सकाळी घरोघर दूध घालायचं आणि संध्याकाळी तालमीत पोरांना डाव शिकवायचे, हा त्याचा खरा उद्योग. पण "वस्ताद, चला, आमचा माणूस आवरंना झालाय," असं म्हणत कुणी दारात आलं, की गोठ्यातलं दावं खांद्यावर टाकून तो निघायचा. माणसाला खाली पाडायचं, हात धरायचे, बाजेला बांधायचं. पुढं देवर्षी आणायचा की डॉक्टर, ते घरच्यांनी बघावं. लोक त्याला चहा पाजायचे. बांधलेला माणूस काय बोलतोय, हे ऐकायची गरज मात्र त्याला कधी वाटली नव्हती.

चौऱ्याहत्तर सालच्या थंडीत डॉक्टर रुद्राणी कोरे तालमीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अक्कलकोटकडच्या बाई, मराठीला कानडी हेल. त्यांना बघून पोरांनी टॉवेल ओढून घेतले, तशा त्या पाठमोऱ्या झाल्या आणि महिपती सदरा घालून बाहेर येईतो तशाच थांबल्या.

"वस्ताद, मी मनाच्या आजारांची डॉक्टर आहे," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं येणाऱ्यांच्या मनगटांवर वळ असतात. कुणी बांधलं विचारलं, की तुमचं नाव निघतं."

महिपती ओशाळला. "मी मारत न्हाय बाई कुणाला. नुसतं बांधतो."

"ठाऊक आहे. म्हणूनच आले. माणूस बिघडला की लोक माझ्याआधी तुमच्याकडं येतात. मग शिकायला पहिले तुम्हीच पाहिजे की."

महापालिकेच्या शाळेत दर रविवारी बाईंचा वर्ग भरायचा. लहान पोरांच्या बाकावर महिपती कसाबसा मावायचा. टांगेवाला राजेसाब यायचा, गल्लोगल्ली बांगड्या भरणारी सरदारबी यायची, गिरणीतले काही कामगार यायचे. चारचौघांत ऊठबस असलेली माणसं बाईंनी बरोबर हेरली होती. गर्दी आधी हटवा, त्या सांगायच्या. आवाज खाली ठेवा. त्याला ऐकू येतं ते खोटं म्हणून वाद घालू नका, खरं म्हणून मानही डोलवू नका. जीव द्यावासा वाटतो का, हे सरळ विचारा; विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही, असला तर बाहेर येतो. त्याला एकटं सोडू नका. आणि दवाखान्यापर्यंत सोबत या.

एका रविवारी बाईंनी जोड्या लावल्या. सरदारबीनं दुःखी बाई व्हायचं आणि महिपतीनं तिला आधार द्यायचा. सरदारबी पदर तोंडाला लावून म्हणाली, "मला जगावंसंच वाटंना, वस्ताद."

"असं म्हनू नगं," महिपती लगोलग म्हणाला. "सकाळी उठायचं, दूध प्यायचं, दोन फेऱ्या चालायच्या. लई बरं वाटतंय बघ."

सरदारबीला पदराआडून हसू फुटलं. "वस्ताद, मला रडायचंय आन् तुमी मला कुस्तीला उभं करताय."

सगळा वर्ग हसला, महिपतीही हसला. पण घरी जाताना त्याला उमगलं, की समोरचा बोलायला लागला की आपले हात शिवशिवतात. काहीतरी करावं, उचलावं, वाकवावं. नुसतं बसणं हा डाव आपल्याला कुणी शिकवलाच नव्हता. तो घरी त्याचा सराव करू लागला. बायको, सारजाबाई, भाकरी थापताना काहीबाही सांगायची, तेव्हा तो पाटावर गप्प बसायचा. तिनं पहिल्यांदा त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते बघितलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर एका दुपारी मल्लप्पा पळत आला. त्याचा भाऊ निंगप्पा शिंपी आठवडाभर झोपला नव्हता. लोक आपल्या वाईटावर आहेत, पाण्यात विष कालवतात, असं म्हणत त्यानं स्वतःला दुकानात कोंडून घेतलं होतं आणि हातात मोठी कात्री धरली होती. "दावं घ्या, वस्ताद," मल्लप्पा म्हणाला.

महिपतीनं दाव्याकडं बघितलं आणि तसाच निघाला.

दुकानापुढं अर्धी पेठ लोटली होती. आधी त्यानं गर्दी पांगवली. त्याला आडवं जायची छाती कुणाची नव्हती. मल्लप्पाला समोरच्या झाडाखाली थांबवलं आणि आपण कात्रीच्या पल्ल्याबाहेर, दुकानाच्या पायरीवर बसला. फळीच्या फटीतून निंगप्पाचे लाल डोळे दिसत होते.

"मला बांधायला आलाय तू," निंगप्पा आतून म्हणाला.

महिपतीनं दोन्ही रिकामे हात वर करून दाखवले. "न्हाय."

"मग कशाला आलाय?"

"बसायला."

ऊन पायरीवरून भिंतीवर चढलं. महिपतीचे गुडघे दुखायला लागले, पण तो हलला नाही. तालमीची वेळ टळून गेली. शेवटी आतून आवाज आला, "भिंतीतनं बोलत्यात. तुला ऐकू येत न्हाय?"

"मला न्हाय येत, निंगप्पा. पर तुला येतंय, मंजे लई तरास होत आसंल."

मग महिपतीनं ते विचारलं. "जीव द्यावा वाटतोय का?"

फळीपलीकडं निंगप्पा ढसाढसा रडायला लागला. "व्हय," तो म्हणाला. "कालपासनं." महिपतीनं त्याला रडू दिलं, समजूत घातली नाही. रडणं ओसरल्यावर म्हणाला, "ती कात्री मशीनवर ठिव. मी हितंच हाय. मग दवाखान्यात जाऊ, तुज्यासंगं मी येतो."

कात्री मशीनवर ठेवल्याचा खट्ट आवाज आला. मग कडी निघाली.

राजेसाबच्या टांग्यातून तिघं रुद्राणीबाईंकडं गेले. मधे निंगप्पा, दोन्ही बाजूंना मल्लप्पा आणि महिपती. निंगप्पानं महिपतीचं मनगट घट्ट धरलं होतं, आणि महिपतीनं ते धरू दिलं.

औषधानं निंगप्पाला आधी झोप लागली, मग हळूहळू भिंत गप्प झाली. अगदी पूर्वीसारखा झाला असं नाही. पुढं एकदा गोळ्या सोडल्यावर पुन्हा बिघडला. पण त्या वेळी तो आपणहून तालमीत आला आणि म्हणाला, "वस्ताद, चला, बाईंकडं जाऊन येऊ." पोरांचे डाव थांबवून महिपती निघाला.

पेठेत या दुपारचा बोभाटा झाला. काही जण म्हणाले, वस्ताद म्हातारा झाला, आता त्याच्यानं माणूस आवरत नाही. महिपतीला त्याचं काही वाटलं नाही. लोक अजूनही त्याला बोलवायचे, आणि काही तर माणूस बिघडायच्या आधीच येऊन बसायचे. गोठ्यापुढं बाज टाकली होती, तिथं.

सारजाबाईची मात्र चंगळ झाली. एका संध्याकाळी ती वैरागच्या बहिणीची, बजाबाईची गोष्ट सांगायला बसली, लग्नातल्या रुसव्यापासून. ही गोष्ट महिपतीनं आजवर कितीदा तरी अर्ध्यातच तोडली होती. ती सांगता सांगता थांबली आणि म्हणाली, "अवो, ऐकताय न्हवं?"

"ऐकतोय की," तो म्हणाला. "मग बजाबाई काय म्हनली?"

आत म्हैस हंबरली. सारजाबाईनं पाय पसरले आणि बजाबाई काय म्हणाली ते सावकाश सांगायला घेतलं.