नक्कल काढणारे भासरे

माझ्या भासऱ्यांइतक्या नकला काढणारा माणूस समुद्रपूर तालुक्यात दुसरा नाही, आणि असलाच तर त्याचीही एक प्रत त्यांनी काढून ठेवली असेल. भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. कचेरीत सातबाराच्या नकला देण्यात त्यांची सारी नोकरी गेली, आणि निवृत्त झाल्यावर ती सवय घरी राहायला आली. रेशनकार्डाच्या झेरॉक्स तीन पेट्यांत. चष्मे दोन, एकाच नंबरचे. घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या प्रत्येक खिळ्याचा फोटो काढला, कॅलेंडर कुठे होतं यावरून पुढे वाद नको म्हणून. एका वर्षी जाऊबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, लोणच्याचा मसाला बदलला, तर यांनी जुन्या लोणच्याची एक बरणी कपाटात बंद करून ठेवली. "मूळ प्रत आहे थे, हात लावू नका." पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मूळ प्रतीवर बुरशी आली. तिचाही फोटो आहे.

आणि हे सगळं चालता चालता. बसलेले भासरे मी पाहिलेच नव्हते. चहा ओसरीत सुरू करतात, कप मोरीपाशी संपतो. जेवताना दोनदा उठून फाटक लावलं का ते पाहून येतात. जाऊबाई म्हणतात, "सरकारनं याइच्या चपलेले पेन्शन द्याले पायजे होती."

आमच्याकडे धाकट्या सुनेनं भासऱ्यांशी समोरासमोर बोलायचं नसतं. लग्नाला चोवीस वर्षं झाली, ते खोकून घरात येतात, मी पदर सावरून आत जाते, आणि काही सांगायचं असलं की दोघंही जाऊबाईंना सांगतो. "विचारा त्याइले, उद्या पाहुणे जेवाले आहेत का." "सांगा त्याइले, आहेत." मला हे कधी जड गेलं नाही. मला तसंही फारसं बोलता येत नाही.

लेक नोकरीला पुण्याला गेली तेव्हा हातात धरून खेळायचं तिचं व्हिडिओ गेमचं मशीन माझ्याकडे राहिलं. त्यात शेतीचा एक खेळ आहे. ती जाण्याआधीच्या तीन वर्षांत आम्ही दोघींनी मिळून त्यात गाव वसवलं. एक घर माझं, शेजारी तिचं लाल कौलांचं, मधे तिनं लावलेली झेंडूची रांग आणि अकरा कोंबड्या. ती गेली तरी रोज दुपारी मी तिच्या झेंडूला पाणी घालून येत असे. ते गाव गेलं तर तसं दुसरं मला एकटीला वसवता आलं नसतं. पण त्यातले लोक बोलतात इंग्रजीत, आणि माझी शाळा चौथीपर्यंत. मी नुसती मान हलवून पुढे जायची. येता-जाता हे भासऱ्यांनी कधी पाहिलं कोण जाणे. एक दिवस जाऊबाईंना म्हणाले, "त्याइले सांगा, यात मराठी बसवता येते. कंपनीनं दिलेला आतला कारभार आहे, त्याच्या जागी दुसरा टाकाव लागते. कस्टम फर्मवेअर म्हणते त्याले. चुकलं तर सगळं पुसून जाते, पण आपण नक्कल काढल्याबिगर हात लावत नाई." मग तीन महिने ओसरीत फेऱ्या मारत त्यांनी खेळातलं एकेक वाक्य मराठीत केलं.

ठरल्या दिवशी जाऊबाई शेजारी पापड लाटायला गेल्या होत्या. व्होल्टेज पडू नये म्हणून भासऱ्यांनी कूलर बंद केला, फ्रिज बंद केला, मिक्सरच्या बटणावर चिकटपट्टी लावली. मशीनमधलं, सगळं साठवायचं मेमरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. एक नक्कल झाली, दुसरी झाली, तिसरी पेनड्राइव्हवर चालली होती आणि ते अंगणात येरझाऱ्या घालत होते. मशीन खुर्चीवर पडलेलं. मी सवयीनं उचललं, कोंबड्यांना दाणे टाकले आणि परत ठेवून दिलं.

कणीक भिजवताना माझा हात थांबला. कार्ड तर त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये होतं. मग मी आता जाऊन आले ते गाव कुठे होतं?

बाहेर भासरे कार्ड परत मशीनमध्ये बसवून स्वतःशीच म्हणत होते, "तीन नकला झाल्या. आता बटण दाबतो." मी कणकेच्या हातांनी दाराशी आले. तिथूनच ओरडले, "जाऊबाई, त्याइले म्हणा, थांबा!"

"थ्या पापड लाटाले गेल्या," ते म्हणाले, आणि मग आपण कोणाला उत्तर दिलं हे त्यांच्या लक्षात आलं.

"दाबू नका," मी म्हणाले. "गाव कार्डात नाई. मशीनच्या पोटात आहे. कार्ड तुमच्यापाशी होतं, तवाच मी कोंबड्याइले दाणे टाकले."

भासरे खुर्चीवर बसले. अगदी पाठ टेकून. नकलांत हयात गेली, आणि तीन-तीन नकला काढल्या त्या नको त्याच वस्तूच्या. जमिनीकडे पाहत त्यांनी विचारलं, "कोंबड्या किती होत्या?"

"अकरा."

त्यांनी उघडून मोजल्या. मग मशीनच्या अख्ख्या पोटाची नक्कल काढायची रीत शोधून काढली. तिला संध्याकाळपर्यंत वेळ लागला. ते ओसरीत फिरत होते, मी स्वयंपाकघरात, आणि दोन पोळ्या करपल्या. जाऊबाई आल्या त्या, "घरात कोणी मेलं का, कूलर बंद करून बसले?" म्हणतच. नक्कल मुळाशी ताडून झाली, मग नवा कारभार बसला. पडदा काळा झाला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. उघडले तर समोर झेंडू. खेळातला दुकानदार म्हणाला, "या बाई, काऊन उशीर केला?" त्याचं बोलणं मी पहिल्यांदा वाचलं.

लेकीनं तिकडे तसंच जुनं मशीन घेतलं, तेव्हा भासऱ्यांनी स्वतः जाऊन गावाची एक नक्कल त्यात बसवून दिली. त्या दिवशी दोन्ही गावं अगदी सारखी होती. मग मी माझ्याकडे भोपळे लावले. तिनं तिच्याकडे काय लावलं, मला ठाऊक नाही. माझं नि भासऱ्यांचं बोलणं पुन्हा जाऊबाईंमार्फत सुरू झालं आहे. भासरे अधूनमधून ओसरीतून म्हणतात, "विचारा त्याइले, दोन्ही गावं एकदा ताडून पाहू का?"

मी दाराआडून सांगते, "सांगा त्याइले, राहू द्या." माझ्या गावात तिचं घर तिच्या नावाचं आहे. तिच्या गावात माझं अजून आहे का, ते मला मोजून नको आहे.