मुंबई बसली, सिंगापूरला पाठव

किस्से मुद्दाम कुणी जमवत नाही. आमचं ऑफिस अक्कलकोट रोड एमआयडीसीत, खाली टॉवेलचे माग. टेबलावर सुताची धूळ बसते, तसे हे किस्से. झटकले तरी उद्या आहेतच.

काम सोपं आहे. वेबसाइटवर गर्दी झाली की लोकांना मुंबई, सिंगापूर आणि जर्मनीतल्या सर्व्हरवर वाटून द्यायचं. एखादा सर्व्हर बंद पडला की आम्ही म्हणतो, 'बसला'.

*

हे वाटप सिद्राम बघतो. त्याला सगळं जमतं, फक्त लग्न जमत नव्हतं. पहिल्या स्थळाकडे मुलीच्या वडिलांनी विचारलं, "काय करता?"

"ट्रॅफिक सांभाळतो."

"कुटल्या चौकात?"

*

एकदा शेअर रिक्षात तो फोनवर सांगत होता, "मुंबई बसली. सगळी माणसं सिंगापूरला पाठव."

शेजारच्या मावशींनी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "आमच्या जावयाचं बी बगा की. आयटीआय झालाय."

*

आमचे मालक अण्णा मूळचे चादरीवाले. त्यांच्या दुकानाची साइटही आमच्याकडेच. जर्मनीचा सर्व्हर रिकामा असतो, हे त्यांना बघवेना.

"माग उभा ठेवून कसं चालंल? तितं पण काम द्या की."

सिद्रामने दिलं. इथल्याच भवानी पेठेतलं गिऱ्हाईक जर्मनीला वळसा घालून अण्णांच्या साइटवर पोचू लागलं. साइट इतकी रेंगाळली, की लोक कंटाळून दुकानातच आले आणि चादरी घेऊन गेले. अण्णा लई खूश!

*

मग अक्कलकोटचं स्थळ आलं. मुलगी सिद्रामला फोटोतच मनापासून आवडली होती. तिचे वडील निवृत्त गुरुजी. ते मुलीला घेऊन थेट ऑफिसातच आले, मुलगा नक्की काय करतो ते बघायला. नेमकी तेव्हाच मुंबई बसली. स्क्रीन लाल झाला. सिद्राम मांडीवर हात ठेवून बसून राहिला. अर्ध्या मिनिटात स्क्रीन हिरवा.

"काय केलं तुमी?" गुरुजींनी विचारलं.

"काही नाही. माणसं आपोआप सिंगापूरला जातात. तशी सोय मीच करून ठेवलीय."

"आणि सिंगापूर बसलं तर?"

"जर्मनी."

"म्हणजे एकावर भिस्त न्हाय तुमची."

सिद्रामचा चेहरा पडला. आम्ही सगळे आपापल्या कीबोर्डकडे बघत होतो. मुलगी म्हणाली, "मग मी कितवी?"

सिद्रामला खोटं बोलता येत नाही. "सातवी."

"तुमी माझे नववे," ती म्हणाली.

गुरुजींनी बोलणी करायला खुर्ची पुढे ओढली.