खालच्या कुंडाचे पाणी

१४ मे १९४४ रोजी निमदऱ्याच्या वस्तीत एकोणचाळीस माणसे जिवंत होती. महिन्यापूर्वी एक्केचाळीस होती. कमी झालेल्या दोघांत एक सहादेव नावाचा म्हातारा होता आणि दुसरी रतनबाईची चार वर्षांची मुलगी. दोघेही हगवणीने गेले, आणि दोघेही खालच्या कुंडाचे पाणी पीत होते. ही दुसरी गोष्ट त्या वेळी कोणी ध्यानात घेतली नाही. खालचे कुंड महारांच्या दोन घरांचे होते, आणि त्या घरांतल्या मरणाचे कारण शोधण्याची वस्तीला सवय नव्हती.

निमदरा नगर शहरापासून सायकलीने दोन तासांवर आहे. डोंगराच्या पोटातून बारमाही झरा निघतो आणि खडकात खोदलेल्या एका कुंडात पडतो. ते भरले की पाणी पन्हळीतून दुसऱ्या, खालच्या कुंडात उतरते. वरून शेतकऱ्यांची सात घरे पाणी भरत. भोवती जांभळीची दाट सावली आहे. युद्धामुळे पेट्रोल मिळेनासे झाले, तेव्हा नगरच्या हौशी मंडळींना दूरची थंड ठिकाणे दुरावली आणि ही सावली सापडली. दर रविवारी वीस-पंचवीस सायकली जांभळींना टेकलेल्या दिसू लागल्या. येणारी माणसे शिकलेली व सुस्वभावी होती. ती भाकरी-झुणका बांधून आणत, पदे म्हणत, सृष्टिसौंदर्याची मोकळ्या मनाने स्तुती करीत. मग वरच्या कुंडात उतरून साबण लावून आंघोळ करीत, आणि पत्रावळी व आंब्याच्या कोयी जागच्या जागी ठेवून समाधानाने घरी जात.

या वस्तीत गोजरबाई राहत होती. ती सोनईकडची. अकराव्या वर्षी लग्न होऊन आली, सव्विसाव्या वर्षी विधवा झाली, आणि पुढची पंचवीस वर्षे दीर आसाराम याच्या घरात राबली. तिची एकुलती मुलगी बेलापूरला दिली होती. गोजरबाईचा आवाज कधी चढत नसे. मीठ मागावे तशा सुरात ती भांडत असे, त्यामुळे आपण भांडणात हरलो हे समोरच्याला घरी गेल्यावर कळे. दर उन्हाळ्यात वरच्या कुंडातला गाळ काढण्याचे काम तिच्याकडे होते, आणि अलीकडे त्या गाळाला साबणाचा वास येत होता.

आसाराम वस्तीतला कर्ता पुरुष होता. त्याने १९४४ च्या दसऱ्याला यावर उपाय केला. वरच्या कुंडाच्या काठावर एक धोंडा उभा करून त्याला शेंदूर फासला. देवासमोर कोणी साबण लावणार नाही, असा त्याचा हिशेब होता. पाहुणे देव पाहून प्रसन्न झाले. त्यांनी नारळ फोडले, तेल वाहिले, आणि ते तेल कुंडात उतरले. एका गृहस्थाचा मुलगा परीक्षेत पास झाला, तेव्हा त्याने निमदऱ्यालाच नवस फेडला आणि तीस माणसे जेवू घातली. आता लोक रविवारखेरीज मंगळवारीही येऊ लागले.

"भावजी," गोजरबाई म्हणाली, "तुमच्या देवानं गिऱ्हाईक वाढवलं."

"देवाची थट्टा नका करू, वैनी."

"थट्टा कुठं? परवा त्येच्या डोक्यावर कुनी टावेल वाळत घातला हुता."

देव उठवणे शक्य नव्हते. बसवताना एक माणूस पुरतो. उठवायला कोणीच तयार नसतो.

त्या हिवाळ्यात गोजरबाईच्या ध्यानात एक गोष्ट आली. वस्तीतल्या बायका दिवस उगवायच्या आत पाणी भरून मोकळ्या होत. परके पुरुष पाणवठ्यावर असताना तिकडे फिरकायचे नाही, ही रीत होती. सायकली येत दहाच्या सुमारास. म्हणजे हे पाणी कोणी पिते, हे पाहुण्यांनी कधी पाहिलेच नव्हते.

"त्यास्नी वाटतंय, ही आंगुळीची जागा हाय," ती आसारामला म्हणाली.

"मग मी सांगतो की."

"तुमी सांगितलं तर म्हनतील, मालकी गाजवतोय. त्येंच्या डोळ्याला दिसाया पायजे."

"भर दुपारी परक्या बाप्यांत घागर घेऊन जानार? लोक बघतील."

"बघावं म्हनूनच चाललेय."

मार्चमधल्या एका रविवारी ती गेली. नगरच्या एका कचेरीत हेडक्लार्क असलेले आप्पासाहेब त्या सायकल मंडळाचे पुढारी होते. ते त्या वेळी कोपरापर्यंत साबण लावून कुंडात उभे होते. गोजरबाईने त्यांच्या शेजारी घागर बुडवली आणि ओंजळ भरून तोंडाला लावली.

"अहो मावशी, साबणाचं आहे ते पाणी."

"व्हय. चव लागली."

"हे पिण्याचं पाणी आहे?"

"दुसरं कुठाय?"

आप्पासाहेबांनी कोपराकडे पाहिले. साबण अंगावर होता आणि तो धुवायचा कुठे, हे त्यांना कळेना. "आम्हाला कुणी बोललं नाही कधी," ते म्हणाले.

"आमी पहाटं भरतो. तुमी दहाला येता. गाठच न्हाई आपली."

आप्पासाहेब प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी बाहेर येऊन मंडळाला एकत्र केले, आणि वरच्या कुंडात यापुढे कोणी पाय घालायचा नाही असे तिथल्या तिथे ठरवले. ठरले ते पाळलेही. त्या दिवसापासून सर्व मंडळी आंघोळीला आणि भांडी घासायला खालच्या कुंडावर जाऊ लागली. वस्ती खूश झाली. ही बुद्धी आपल्याच देवाने दिली, असे आसाराम सांगू लागला.

एप्रिलच्या अखेरीस रतनबाई गोजरबाईच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. कडेवर आठ महिन्यांचा मुलगा होता. दुसऱ्या हातातला तांब्या तिने जमिनीवर ठेवला. आतल्या पाण्यावर पांढरा फेस होता.

"बाई, तुमचं पानी निर्मळ झालं म्हनं."

"व्हय."

"आमचं बघा की."

गोजरबाईने तांब्यात पाहिले. "त्यास्नी सांगायचं, रतने, खाली बी पित्यात म्हनून."

"आमचं धनी गेल्तं सांगाया. ते सायबलोक लई चांगलं बोललं. म्हनलं, मग तुमी बी वरचंच पीत जा की."

"मग?"

"मग काय. धनी हसलं आन् माघारी आलं." रतनबाईने मूल दुसऱ्या कडेवर घेतले. "ह्यो बी न्हाई ऱ्हायला, तर मग आमची काय तक्रार न्हाई."

ती तांब्या तिथेच ठेवून गेली. गोजरबाईने तो ओतून दिला नाही. मुलाला आधीच जुलाब लागले होते, हे तिला दुसऱ्या दिवशी कळले. शनिवारी तिने आसारामला सांगितले की उद्या आपण खालच्या कुंडावर पाणी पिणार.

"बाटाल, वैनी."

"पानी वरूनच खाली जातंय. आपलंच हाय त्ये."

"पन कुंड त्येंचं हाय."

"मग त्या लेकरासाठी त्यास्नी वर भरू द्या. त्ये सोपं पडंल."

आसाराम पायताण शोधू लागला.

"त्या सायकलवाल्यांत कोन कोन जातीचं हाय, इचारलंय कधी? दोन वर्सं पाय घातले त्येंनी आपल्या पान्यात. सदरा बघूनच तुमी गप बसला."

दोन अधर्मांपैकी कोणता करायचा, हे आसारामने ठरवले नाही. तो मळ्यात निघून गेला.

रविवारी दुपारी गोजरबाई खालच्या कुंडावर गेली. वस्तीच्या बायका वर जांभळींखाली उभ्या होत्या. रतनबाई मुलाला घेऊन दूर बसली होती. आप्पासाहेब राखेने पातेले घासत होते. गोजरबाईने त्यांच्या पुढ्यातले पाणी ओंजळीत घेतले आणि ती सगळ्यांदेखत प्याली.

"मावशी, तुम्ही तर वरचं पिता ना?"

"आज हे पितेय. हे बी प्यायचंच हाय."

"मग आम्ही धुवायचं तरी कुठं?"

दोन वर्षांत पाहुण्यांनी विचारलेला हा पहिला उपयोगी प्रश्न होता. गोजरबाईने जांभळींच्या पलीकडच्या मुरमाड उताराकडे बोट दाखवले. "बादलीनं पानी न्या आन् तिकडं धुवा. उन्हाळ्यात झाडाला बी घोटभर मिळंल."

पुढच्या रविवारी मंडळाने दोन बादल्या आणल्या. हळूहळू त्यांच्यात एक शिस्त बसली. कुंडात फक्त स्वच्छ भांडे बुडवायचे, धुणे-घासणे उतारावर, पत्रावळी आणि कोयी पिशवीत भरून परत न्यायच्या, नारळ घरी फोडायचा. नवा माणूस आला तर जुना त्याला सांगे. आसारामच्या देवाला त्या उन्हाळ्यात तेल मिळाले नाही. त्याने कोणाचे वाईट केल्याचेही ऐकिवात नाही. रतनबाईचा मुलगा वाचला.

वस्तीने गोजरबाईला शिक्षा केली. तिचे ताट पडवीत वेगळे मांडले गेले, आणि प्रायश्चित्त घेईपर्यंत वरच्या कुंडाला तिच्या घागरीने शिवायचे नाही असे ठरले. प्रायश्चित्त तिने घेतले नाही. त्यामुळे ती रोज खालच्या कुंडावर भरू लागली, आणि गाळ काढण्याची सवय असल्याने ते कुंडही स्वच्छ राहू लागले. पहिल्या दिवशी रतनबाई तिला म्हणाली, "बाई, जरा पल्याड सरा. तुमी बाटल्यात म्हनं. माझ्या घागरीला लागाल."

"सरते की," गोजरबाई म्हणाली, आणि खरोखरच सरली.

त्यानंतरची साडेचार वर्षे तिने तिथलेच पाणी भरले. वरच्या कुंडावर आता भर दुपारीही बायका येतात. पाहुण्यांनी पाहावे म्हणून मोडलेली ती रीत परत जोडली गेली नाही. कधी कोणी शहरी माणूस चुकून पाण्यात पाय सोडून बसला, तर लहान मुलेसुद्धा त्याच्या शेजारी जाऊन पाणी पितात आणि काही न बोलता उभी राहतात. तो माणूस उठतो.

गोजरबाई १९४९ च्या मार्गशीर्षात ताप येऊन वारली. शेवटच्या घटकेला तिला पाणी पाजायचे कोणी, यावर घरात थोडा वाद झाला. तोवर रतनबाईने पाजले होते. शहरातून येणारी माणसे वरच्या कुंडात भांडे बुडवतात. रतनबाईच्या घराला तिथे अजून घागर बुडवू दिलेली नाही. तेवढे देणे बाकी आहे.